कुंपण, भिंत आणि संताप

१

गेल्या वर्षी आमच्या महाविद्यालयात मी काही विद्यार्थ्यांना एक फ्रेंच चित्रपट दाखविला. त्याचे नाव ‘ला एन’, म्हणजे द्वेष. माथ्यू कासोवित्झ या तरुण दिग्दर्शकाने तो १९९५ साली काढला. संपूर्ण चित्रपट कृष्णधवल आहे. खाली इंग्रजी अक्षरे धावत होती आणि अडेल तेथे मी मराठीत सांगत होतो. पोरे शांत बसली होती. चित्रपट संपल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, ‘सर, ह्या पोरांत कुणी मीटिंग लावत न्हाई का?’

वर्ग हसला. मला मात्र हसू आले नाही. चित्रपटावर मी जे काही वाचले होते, त्यात हा प्रश्न मला कोठे भेटला नव्हता. समीक्षकांनी त्याच्या छायाचित्रणावर लिहिले, हिंसेवर लिहिले. पण संतापलेली पोरे दिवसभर वणवण फिरतात आणि एकदाही एकत्र बसून ‘आता काय करायचे’ असे विचारीत नाहीत, हे आमच्या सोलापूरच्या पोराच्या लक्षात आले. का आले असावे? तो ज्या वस्तीतून येतो त्या वस्तीत चौदा एप्रिलची मीटिंग असते, वर्गणीची मीटिंग असते, नळाला पाणी नाही म्हणून मीटिंग असते. संतापाला सभेची सवय आहे. ती सवय आपल्याला कोणी लावली हे या नियतकालिकाच्या वाचकांना सांगायला नको.

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी लिहीत आहे. त्यासाठी पॅरिसच्या बाहेरची वस्ती आणि सोलापूरचे सेटलमेंट शेजारी शेजारी ठेवून पाहावे लागेल. सेटलमेंटविषयी मी तटस्थपणे लिहू शकणार नाही. माझ्या आज्जाचा जन्म त्या कुंपणाच्या आत झाला.

२

प्रथम चित्रपटाविषयी थोडे. पॅरिसबाहेरच्या एका वस्तीत दंगल होऊन गेली आहे. पोलिसांच्या ताब्यात असताना अब्देल नावाच्या मुलाला जबर मारहाण झाली, तो इस्पितळात मरणाच्या दारी आहे. दंगलीत एका पोलिसाचे पिस्तूल हरवते आणि ते सापडते विन्झला. विन्झ ज्यू, त्याचा मित्र सईद अरब, तिसरा ह्युबेर आफ्रिकी वंशाचा. ह्युबेर मुष्टियोद्धा आहे. त्याने उभी केलेली व्यायामशाळा दंगलीत जळून गेली आहे. या तिघांचा एक दिवस एवढेच कथानक. अब्देल मेला तर एक पोलीस मारीन अशी विन्झची प्रतिज्ञा. शेवट मी सांगत नाही. गोळीचा आवाज येतो, एवढे पुरे.

ही कथा हवेतून आलेली नाही. एप्रिल १९९३ मध्ये पॅरिसच्या एका पोलीस ठाण्यात चौकशी चालू असताना मकोमे म्बोवोले हा सतरा वर्षांचा, झाईरमधून आलेल्या कुटुंबातला मुलगा पोलिसाच्या गोळीने मेला. त्या घटनेने अस्वस्थ होऊन कासोवित्झने पटकथा लिहिली. कान महोत्सवात त्याला उत्कृष्ट दिग्दर्शकाचे पारितोषिक मिळाले. पंतप्रधान आलॅं झ्युपे यांनी आपल्या मंत्र्यांना हा चित्रपट दाखविण्याची व्यवस्था केली. मंत्र्यांनी चित्रपट पाहिला आणि दहा वर्षांनी, २७ ऑक्टोबर २००५ रोजी, क्लिशी-सू-ब्वा या वस्तीत झिएद बेना आणि बुना त्राओरे ही दोन मुले पोलिसांच्या भीतीने पळताना वीजकेंद्रात शिरली आणि विजेच्या धक्क्याने मेली. तीन आठवडे फ्रान्सभर वस्त्या पेटल्या. चित्रपट पाहून सत्ता बदलत नाही, हे या निमित्ताने ध्यानात ठेवावे.

फ्रेंच भाषेत या वस्त्यांना ‘बाँलिय’ म्हणतात. हा शब्द फार जुना आहे. ‘बाँ’ म्हणजे सत्तेचा हुकूम आणि ‘लिय’ म्हणजे अंतराचे एक माप, आपला कोस म्हणा. शहराच्या वेशीबाहेरचा, पण शहराचा हुकूम जेथवर चालतो तो कोसभराचा मुलूख, असा त्याचा मूळ अर्थ. महारवाडा आणि मांगवाडा गावकुसाबाहेर होते, पण गावाचा हुकूम तेथे गावापेक्षाही कडक चालत होता. घर वेशीबाहेर आणि राबणूक वेशीच्या आत. माणसाला बाहेर ठेवायचे, पण मोकळे सोडायचे नाही, ही व्यवस्था दोन्हीकडे ओळखीची आहे.

आज आपण पाहतो त्या उंच सिमेंटच्या वसाहती दुसऱ्या महायुद्धानंतर उभ्या राहिल्या. कारखान्यांना कामगार हवे होते. अल्जीरिया, मोरोक्को, पश्चिम आफ्रिका या वसाहतींतून माणसे आणली गेली. पुढे १९७३ च्या तेलसंकटानंतर कारखान्यांची चाके मंदावली. बापाला ज्या कामासाठी आणले ते काम मुलाच्या वाट्याला आलेच नाही. काम गेले, वस्ती उरली, आणि वस्तीवरचा पहारा तर वाढला.

३

आता सोलापूर. ‘गुन्हेगार जमाती’ ठरविणारा कायदा इंग्रजांनी १८७१ साली केला. आरंभी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. १९११ च्या कायद्याने तो मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि १९२४ मध्ये त्याला एकत्रित रूप मिळाले. या कायद्याने गुन्हा न करताच माणूस गुन्हेगार ठरत होता, कारण त्याचा जन्मच पुराव्याऐवजी धरला जाई. सरकारने एखादी जमात गुन्हेगार म्हणून जाहीर केली की नाव नोंदवायचे, बोटांचे ठसे द्यायचे, ठरल्या वेळी हजेरी द्यायची, पास घेतल्याशिवाय बाहेर पडायचे नाही. सहा ते अठरा वयाची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या शाळांत ठेवण्याचा अधिकारही सरकारला होता. आणि सरकारच्या या जाहीरनाम्याची वैधता कोणत्याही न्यायालयात तपासता येणार नाही, असे कलमच कायद्यात घातलेले होते.

मनुस्मृतीने जे जन्मावर ठरविले होते, ते इंग्रजांच्या कायद्याने गॅझेटात छापले. इंग्रजी राज्याने कायद्यापुढे समानता आणली असे आपण नेहमी ऐकतो. ती काहींच्या वाट्याला आली हे खरे. पण सेटलमेंटच्या दारात ती थांबली. साहेबाला जातीची कल्पना नवी होती असेही नाही. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा तर्क त्याने इथल्याच समाजरचनेतून उचलला आणि त्याला दंडुका जोडला.

सोलापूरची वसाहत मुंबई इलाख्यातील मोठ्या वसाहतींपैकी एक. कैकाडी, भाट, घंटीचोर, पारधी, मांग-गारुडी अशा अनेक जमाती येथे काटेरी तारांच्या आत आणल्या गेल्या. त्या सोलापुरातच का? कारण येथे गिरण्या होत्या. जुनी मिल १८७७ पासून चालू होती. पुढे लक्ष्मी, नरसिंगगिरजी, विष्णू या गिरण्या निघाल्या. गिरण्यांना स्वस्त आणि पळून न जाणारे हात हवे होते, सरकारला या माणसांना कामाला जुंपून ‘सुधारायचे’ होते. दोघांचे साधले. भोंगा झाला की तारांतून बाहेर पडायचे, गिरणीत राबायचे, पाळी सुटली की परत आत येऊन हजेरी द्यायची. पळून जाता न येणारा हा मजूर संपाच्या वेळी मालकाला किती सोयीचा असेल, हे कामगार चळवळीचा अभ्यास करणाऱ्यांना समजावून सांगण्याची गरज नाही.

वागणूक चांगली ठरली तर कुटुंबाला तारांबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त जागा मिळे. सोलापुरात आजही लोकांच्या पत्त्यावर ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ असे लिहिलेले असते. ज्या शब्दाचा अर्थ मोकळा असा आहे, तो शब्द लिहिल्याबरोबर माणूस ओळखला जातो आणि अडकतो!

माझा आज्जा बोर्डिंगात वाढला. त्याला आईची आठवण कोणती, असे मी लहानपणी विचारले होते. त्याने आईचा चेहरा सांगितला नाही. हजेरीच्या वेळी आई कोणत्या रांगेत उभी राही, ते सांगितले. मी पुढे इतिहास विषय घेऊन एम.ए. केले, पण सेटलमेंटचा इतिहास म्हणून मला जे पहिले वाक्य मिळाले ते हेच.

४

इलाख्यातील सेटलमेंटांची व्यवस्था ज्या सनदी अधिकाऱ्याने घडविली त्याचे नाव स्टार्ट. याच स्टार्टच्या अध्यक्षतेखाली मुंबई सरकारने १९२८ मध्ये अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली. तिचा अहवाल १९३० चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर या समितीचे सभासद होते. समितीने मागासवर्गाचे तीन भाग केले: अस्पृश्य वर्ग, आदिवासी व डोंगरी जमाती, आणि इतर मागास वर्ग. भटक्या जमाती या तिसऱ्या भागात गेल्या. पुढे १९४८ साली ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी गुन्हेगार ठरविलेल्या दोन कोटी, आदिवासी दीड कोटी आणि अस्पृश्य पाच कोटी माणसांचा एकत्र हिशेब मांडला आणि अशी माणसे निर्माण करणाऱ्या संस्कृतीला संस्कृती कसे म्हणावे, असा प्रश्न विचारला. सरकारी कागदाने ज्यांना तीन रकान्यांत टाकले, त्यांना त्यांनी एकाच आरोपपत्रात साक्षीला बसविले. आपल्या चळवळीने मात्र पुष्कळदा रकाने लक्षात ठेवले आणि आरोपपत्र विसरले. रकान्यांची कमाल अशी की, विदर्भातील बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत आणि सोलापुरात विमुक्त जातीत! माणूस तोच, भाषा तीच. जुन्या प्रांतांची हद्द मात्र अजून त्याच्या दाखल्यावरून जाते.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ मध्ये रद्द झाला आणि देशभर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. यातले १९४९ हे साल सोलापूरच्या दृष्टीने नीट पाहावे. त्याच साली जुनी मिल गैरकारभारामुळे बंद पडली. सरकारने जानेवारी १९५० मध्ये वटहुकूम काढून व नंतर कायदा करून ती ताब्यात घेतली. भागधारक सर्वोच्च न्यायालयात गेले आणि मालमत्तेचा मूलभूत हक्क म्हणजे काय यावर सोलापूरच्या या गिरणीवरून १९५० आणि १९५३ मध्ये गाजलेले निर्णय झाले. कायद्याचे विद्यार्थी ते आजही वाचतात. आता दोन चित्रे शेजारी ठेवा. गिरणीच्या एका भागधारकाचा हक्क देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने तपासला. त्याच गिरण्यांत राबणाऱ्या सेटलमेंटच्या माणसाला आपण गुन्हेगार का, हे साध्या न्यायालयातही विचारता येत नव्हते.

ज्या वर्षी कायद्याचे कुंपण गेले, त्याच वर्षी शहरातली सर्वांत जुनी गिरणी बंद पडली. ती पुन्हा चालली, पण कायमची नाही. पुढच्या दशकांत एकेक करून सोलापूरच्या गिरण्या बंद होत गेल्या. माणूस मोकळा झाला खरा, पण मोकळा झाल्यावर जायचे कोठे? जमीन नाही, जुना धंदा मोडलेला, नव्या धंद्याला कुलूप. माझे वडील यंत्रमागावर गेले, आईने विड्या वळल्या. ज्यांना तेही मिळाले नाही त्यांच्या मुलांना शहराने ‘टवाळ’ म्हटले. फ्रान्समध्ये हीच गोष्ट पंचवीस वर्षांनी घडली.

१९६० साली पंडित नेहरूंनी सोलापुरात येऊन सेटलमेंटच्या तारा तोडल्या आणि या माणसांना ‘विमुक्त’ म्हटले, ही आठवण विमुक्तांच्या चळवळीत आजही सांगितली जाते. तारा तुटल्या. परंतु मुंबई राज्याने १९४७ मध्येच सराईत गुन्हेगारांसाठी वेगळा कायदा केला होता आणि १९५९ मध्ये पुन्हा केला. त्यात जमातीचे नाव नव्हते. नाव ठाण्यातल्या वहीत होतेच. फ्रान्सने २००५ मध्ये वस्त्या शांत करण्यासाठी आणीबाणी पुकारली, ती १९५५ च्या कायद्याने. तो कायदा अल्जीरियातील स्वातंत्र्ययुद्ध दडपण्यासाठी केला होता. अल्जीरिया १९६२ मध्ये स्वतंत्र झाला. कायदा मात्र त्या माणसांच्या नातवंडांची वाट पाहात राहिला. वसाहतवाद जातो तेव्हा त्याचे कायदे कपाटात राहतात आणि गरीब माणूस रस्त्यावर आला की ते कपाट उघडते.

५

आता मागच्या बाकावरच्या त्या प्रश्नाकडे येतो. फ्रान्सच्या पोरांनी सभा घेतली नाही असे नाही. १९८३ मध्ये लियाँजवळच्या मँगेत वस्तीत तुमी जाइजा हा तरुण पोलिसाच्या गोळीने जखमी झाला. इस्पितळातून बाहेर आल्यावर त्याने आणि त्याच्या सोबत्यांनी मार्सेय ते पॅरिस पायी मोर्चा काढला. गांधी आणि मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्यासमोर होते. ऑक्टोबरात मूठभर निघाले, डिसेंबरात पॅरिसला पोहोचले तेव्हा सुमारे लाखभर माणसे बरोबर होती. राष्ट्राध्यक्ष मितराँ त्यांना भेटले. परदेशी नागरिकांना दहा वर्षांचा रहिवास परवाना मिळाला. पण रोजच्या रोज रस्त्यात अडविणारा पोलीस तोच राहिला, आणि मोर्चातून टिकणारी संघटना उभी राहिली नाही. ‘ला एन’मधली पोरे ही त्या मोर्चानंतरच्या बारा वर्षांची पोरे आहेत. सभा होऊन गेली, हाती फारसे काही लागले नाही, अशा पिढीचा तो संताप आहे.

आपल्याकडे १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ कामाठीपुऱ्याच्या परिसरातून आले. राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांचे सोबती अशाच गरीब वस्त्यांतले, पहिल्यांदा कॉलेज पाहिलेले तरुण. जानेवारी १९७४ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींत दंगल झाली, पोलिसांचा मार पडला, मोर्चावरील हल्ल्यात भागवत जाधव हा तरुण कार्यकर्ता मारला गेला. विन्झ आणि ह्युबेर यांच्यापेक्षा या तरुणांचा संताप कमी नव्हता. फरक एवढाच की त्यांच्यापाशी संतापाला आकार देणारा विचार होता. शिव्या देतानाही ते जाहीरनामा लिहीत होते. पँथर फुटली, हे खरे. तिच्या फुटीवर आपण पुष्कळ लिहिले आहे आणि एकमेकांवर चिखलफेकही पुष्कळ केली आहे. पण तिने एक सवय मागे ठेवली, ती त्या मुलाच्या प्रश्नात जिवंत आहे.

विमुक्तांचा संताप शब्दांत यायला आणखी काही वर्षे लागली. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० चे, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ चे. आणि चित्रपटात तो आणला सोलापूर जिल्ह्यातल्याच माणसाने. करमाळा तालुक्यातील जेऊरचे नागराज मंजुळे. ‘फँड्री’ (२०१३) मधला जब्या शेवटी धोंडा भिरकावतो, तो थेट पाहणाऱ्याच्या अंगावर. ‘ला एन’च्या आरंभी पेटती बाटली पृथ्वीच्या गोळ्यावर पडते. दोन्ही चित्रे मी वर्गात एकामागोमाग सांगितली. बाटली जगावर पडते, जगातल्या कोणावरच नेमकी नाही. जब्याचा धोंडा मात्र नेम धरून आलेला आहे, कारण आपल्याला कोण हसते आहे हे त्याला दिसते आहे. ‘झुंड’ (२०२२) मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतली पोरे आणि महाविद्यालयाचे मैदान यांच्यामध्ये भिंत आहे. ती पोरे व्यसनी आहेत, चोऱ्या करतात, मारामाऱ्या करतात. मंजुळे ते लपवीत नाहीत. पण कोणी फुटबॉल मधे टाकला की त्याच पोरांचा संघ होतो, हे ते दाखवितात. विजय बारसे यांच्या प्रत्यक्ष कामावर तो चित्रपट बेतलेला आहे. अर्थात एका चेंडूने सगळी भिंत पडत नाही. एका प्राध्यापकाच्या चांगुलपणावर साऱ्या वस्तीचे भवितव्य सोपविता येणार नाही, हा आक्षेप मी मान्य करतो.

६

आणखी दोन गोष्टी आपल्यालाच सांगायच्या आहेत. ‘ला एन’ ही पोरांची गोष्ट आहे. त्यांच्या बहिणींची नाही. ऑक्टोबर २००२ मध्ये पॅरिसजवळच्या व्हित्री येथे सतरा वर्षांच्या मुलीला वस्तीतल्याच तरुणाने जाळून मारले. तेव्हा २००३ मध्ये वस्तीतल्या मुलींनी स्वतःचा मोर्चा काढला. सत्तेने तुडविलेला मुलगा घरी येऊन कोणाला तुडवितो, हा प्रश्न त्यांनी विचारला. आपल्या वस्त्यांतही जातपंचायतींनी बाईला वेठीला धरले आहे. २०१८ मध्ये कंजारभाट समाजातील तरुण-तरुणींनीच कौमार्य परीक्षेविरुद्ध आवाज उठविला तेव्हा त्यांना मारहाण आणि बहिष्कार सोसावा लागला. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आपल्यापाशी आहे. कुंपण सरकारने घातले, पण कुंपणाच्या आत आपणही लहान लहान कुंपणे घातली.

दुसरी गोष्ट लाजेची. मी नोकरीला लागल्यावर बरीच वर्षे सहकाऱ्यांनी ‘कोठे राहता?’ असे विचारले की शेजारच्या पेठेचे नाव सांगत असे. एका मार्च महिन्यात माझ्या वर्गातल्या एका मुलाला परीक्षेच्या आदल्या रात्री एका ठाण्यात नेऊन बसविले. शहरात कोठे तरी चोरी झाली होती. त्याच्या आईने मला हाक मारली. मी गेलो. ‘तुम्ही कोण त्याचे?’ ‘शिक्षक.’ मला खुर्ची मिळाली. ‘राहता कुठं सर?’ पेठेचे नाव ओठावर आले होते. कोपऱ्यात जमिनीवर बसलेला तो मुलगा माझ्याकडे पाहात होता. मी म्हणालो, ‘सेटलमेंट.’ समोरच्या माणसाने पुढचे वाक्य ‘तुम्ही’वरून ‘तू’वर आणले. सकाळी मुलाला सोडले. कागद केला नाही, म्हणून तक्रार कशाची करायची हेही ठरेना. त्याचा पहिला पेपर गेला तो गेलाच.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातील जातवार कामांचे नियम घटनाबाह्य ठरविले आणि विमुक्त जमातींतील माणसांना मनमानी अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. हा निकाल मी मराठीत उतरवून वस्तीतल्या वाचनालयात लावला आहे. निकालाने ठाणे बदलेल इतका मी भोळा नाही. पण ठाण्यात जाणाऱ्या आईच्या हातात काही तरी कागद असावा.

मित्रहो, संताप हा आपला दोष नव्हे. त्याची लाज बाळगण्याचे कारण नाही. परंतु ज्याला स्वतःचा इतिहास ठाऊक नाही त्याचा संताप दिसेल त्या काचेवर फुटतो. सोलापूर शहर १९३० च्या मार्शल लॉचा अभिमान बाळगते, चार हुतात्म्यांना वंदन करते, ते योग्यच आहे. त्याच शहरात, त्याच वर्षी, तारांच्या आत रोज हजेरी घेतली जात होती. माझ्या शाळेच्या पुस्तकात ते नव्हते. ते लिहिण्याचे काम आपले आहे. हजेरीच्या रांगेत उभी राहिलेली शेवटची माणसे आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन जाणे, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना यंदा काम म्हणून दिले आहे.

ज्याचा पेपर गेला होता तो मुलगा त्यांत आहे. त्यानेच चित्रपटानंतर तो प्रश्न विचारला होता. पहिली मीटिंग त्याने येत्या रविवारी लावली आहे.